मेंढरांच्या तळ्यांनी माणगंगा आटते का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातला, शंभरेक मेंढरं आन चार खिलार जनावरं हायत. ओढ्याच्या कडेला जनावरांसाठी ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं काढायचा विचार आहे. पण खालच्या गावातले लोक म्हणतात की तुम्ही वर तळी काढता म्हणून माणगंगा नदीला पाणी येत नाही. हे खरं आहे का?

उत्तर: दादा, खालच्या गावाचं पूर्ण चूक नाही, पण दोष मेंढरांना देऊ नका. हिशोब करून बघा. मेंढराला दिवसाला सरासरी ५ लिटर धरा, खिलार बैलाला ५०. तुमची सगळी जनावरं मिळून पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांत दीड-पावणेदोन लाख लिटर पितील. तळं भरलं की त्यात, काठ उतरते धरून, साधारण २२ लाख लिटर मावतं, आणि आपल्याकडच्या उन्हावाऱ्यात त्या आठ महिन्यांत दीडेक मीटर पाणी नुसतं उडून जातं, म्हणजे दहा लाख लिटरच्या घरात! जनावरांच्या पाच-सहापट पाणी ऊन पितंय, खरा चोर तो आहे.

आता नदीचं. एक तळं म्हणजे काहीच नाही, पण शंभर-दोनशे झाली की जूनचा पहिला पाऊस आधी ती रिकामी तळी भरतो आणि मगच ओढा खाली पळतो, म्हणून नदीचं पहिलं पाणी उशिरा येतं आणि लहान पूर तर येतच नाहीत. भरपूर पावसाच्या वर्षी तळी लवकर भरून सांडायला लागतात, फरक जाणवत नाही. दुष्काळाच्या वर्षीच, म्हणजे नेमकं जेव्हा खालच्याला गरज असते तेव्हाच, जास्त खेच बसते. माणदेशात पाऊसच ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, त्यामुळे ही खेच लगेच दिसते.

ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात याच तळ्यांवरून केवढी भांडणं झालीत, तिथंही मेंढपाळच की! न्यू साउथ वेल्स राज्यात त्या खोऱ्याच्या बऱ्याच भागात आपल्या जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्यातलं सरासरी १० टक्केच बिनपरवाना अडवता येतं. आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात काही तळ्यांना बाजूने छोटी वाट ठेवतात, थोडं पाणी आलं की ते खाली जातं आणि मोठं आलं की तळं भरतं. मला ही युक्ती फार आवडते, आपल्याकडंही सहज करता येईल, एक पाइप आणि थोडं दगडकाम, बस.

पाझर तलावाचं मात्र वेगळं आहे हं, मुरलेलं पाणी विहिरींना आणि पुढे नदीलाही मिळतं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात मुरणं बंदच, आणि ते बोअरने भरलं तर जमिनीतलं गार पाणी काढून उन्हात उडवायला ठेवल्यासारखं.

तेव्हा तळं काढा, पण ऐन ओढ्यात नको, बाजूला घ्या. रुंदी कमी करून खोली वाढवा, तेवढंच पाणी कमी उडेल. जनावरं आत उतरवू नका, काठ ढासळून गाळ होतो, खाली हौद बांधून पाइपने पाणी द्या. वाऱ्याच्या बाजूला झाडं लावा. आणि गावात जुनं तळं गाळाने भरलेलं असेल तर आधी ते उपसा, नवीन तळ्याची गरज पडेल का ते मग ठरवता येईल.