वाचकांचे प्रश्न : एम्राकूलची ताकद नेमकी कुठे चालते?

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचला आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. त्यातल्या एकाच कार्डाविषयी या वेळी इतकी पत्रे आली, की सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. ते कार्ड म्हणजे २०१० च्या ‘राइज ऑफ द एल्ड्राझी’ या संचातले ‘एम्राकूल, द इऑन्स टॉर्न’.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी त्यावरचा मजकूर थोडक्यात सांगतो. किंमत १५ मॅना (कार्ड खेळण्यासाठी मोजायची जादूशक्ती), कोणत्याही रंगाचा. स्वतःला रंग नाही, लेजेंडरी क्रीचर (लढणारा जीव), पॉवर १५ (मारण्याची ताकद) आणि टफनेस १५ (मार सोसण्याची ताकद). हा स्पेल (खेळले जात असलेले कार्ड) काउंटर, म्हणजे लागू होण्याआधीच रद्द, करता येत नाही. तो कास्ट केला की चालू टर्ननंतर आणखी एक टर्न मिळते. फ्लाइंग, रंगीत स्पेलपासून प्रोटेक्शन (संरक्षण) आणि ॲनाइहिलेटर ६ (अटॅक केल्यावर समोरच्याला सहा पर्मनंटचा बळी द्यायला लावणारी) अशा तीन क्षमता एका ओळीत आहेत. शेवटची ओळ अशी, की एम्राकूल कुठूनही ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगात) गेले, तर त्याचा मालक आपले सगळे ग्रेव्हयार्ड लायब्ररीत (अजून न उचललेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात) मिसळून ती पिसतो.

*प्रश्न : मी कॉलेजात असताना खेळत असे आणि आता बऱ्याच वर्षांनी पुन्हा खेळू लागलो आहे. परवा समोरच्या खेळाडूने ‘शो अँड टेल’ वापरून तिसऱ्याच टर्नला एम्राकूल उतरवले आणि लगेच जादा टर्न घेतली. मी काही बोललो नाही, पण हे नियमात बसते का? (एक वाचक, पुणे)*

बसत नाही. आपल्याला तेव्हाच हरकत घेता आली असती. जादा टर्नची अट ‘कास्ट केल्यावर’ अशी आहे, ‘बॅटलफील्डवर (टेबलावर उतरलेल्या कार्डांच्या जागेत) आल्यावर’ अशी नाही. कास्ट करणे म्हणजे कार्ड हातातून स्टॅकवर (लागू होण्याची वाट पाहणाऱ्या गोष्टींच्या थप्पीवर) ठेवणे आणि त्याची किंमत मोजणे. ‘शो अँड टेल’मध्ये प्रत्येक खेळाडू हातातले एक आर्टिफॅक्ट (वस्तू), क्रीचर, एन्चांटमेंट (टिकून राहणारा मंत्र) किंवा लँड (मॅना देणारी जमीन) थेट बॅटलफील्डवर ठेवतो. कास्ट होतो तो ‘शो अँड टेल’ हा स्पेल. एम्राकूल स्टॅकवर येतच नाही, त्यामुळे त्या ओळीला चालना मिळत नाही. हातातले क्रीचर थेट उतरवणाऱ्या ‘स्नीक अटॅक’ने एम्राकूल उतरवले तरी तोच न्याय लागू होतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी, कारण तिच्यात बरेच जण फसतात. कोणी खरोखरच १५ मॅना मोजून एम्राकूल कास्ट केले, तर जादा टर्नचा ट्रिगर (आपोआप चालना मिळणारी क्षमता) स्टॅकवर एम्राकूलच्या वर बसतो आणि आधी सुटतो, म्हणजे लागू होतो. मग खाली असलेल्या एम्राकूलचे पुढे काहीही झाले, तरी ती टर्न मिळतेच. समजा, समोरच्याने ‘माइंडब्रेक ट्रॅप’ टाकून स्टॅकवरचे एम्राकूल एक्झाइल केले, म्हणजे खेळाबाहेर काढले. एक्झाइल करणे म्हणजे काउंटर करणे नव्हे, त्यामुळे ते चालते आणि एम्राकूल जाते, पण जादा टर्न जात नाही. ‘रिमांड’ मात्र एम्राकूलला परत पाठवू शकत नाही. रिमांडने स्पेल हातात परत जातो तो काउंटर झाल्यामुळे, आणि हा स्पेल काउंटर होत नाही. रिमांड टाकणाऱ्याला फक्त एक कार्ड उचलायला मिळते.

या कार्डाची प्रत्येक ओळ एका ठराविक जागेपुरती बोलते, आणि वाद होतो तो बहुतेक वेळा जागेचाच असतो. म्हणून कोणतीही ओळ लावण्याआधी ‘कार्ड या क्षणी कुठे आहे?’ हा प्रश्न विचारावा. स्टॅकवर, बॅटलफील्डवर की ग्रेव्हयार्डमध्ये, हे पक्के झाले की उत्तर फारसे लांब राहत नाही.

*प्रश्न : माझ्या मुलाचे म्हणणे असे, की एम्राकूलवर ‘पाथ टू एक्झाइल’ चालत नाही पण ‘ऑब्लिव्हियन रिंग’ चालते. दोन्ही पांढरी कार्डे, दोन्ही टार्गेट करतात. मग हा भेद कशासाठी? (एक वाचक, ठाणे)*

आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. एम्राकूलला प्रोटेक्शन आहे ते रंगीत स्पेलपासून, रंगीत वस्तूंपासून नाही. कार्ड स्टॅकवर असेपर्यंतच स्पेल असते. क्रीचर एक्झाइल करणारे ‘पाथ टू एक्झाइल’ किंवा ‘स्वॉर्ड्स टू प्लाउशेअर्स’ टार्गेट करतात ते स्टॅकवरून, रंगीत स्पेल म्हणून. म्हणून त्यांना एम्राकूल निवडताच येत नाही. ‘ऑब्लिव्हियन रिंग’ कास्ट होताना काहीच टार्गेट करत नाही. ती बॅटलफील्डवर उतरते, त्या क्षणी स्पेल राहत नाही, पर्मनंट (बॅटलफील्डवर टिकून राहणारे कार्ड) होते, आणि मग त्या पर्मनंटची क्षमता एक्झाइल करायचे टार्गेट निवडते. एम्राकूलचे प्रोटेक्शन तिला अडवत नाही.

याच न्यायाने लाल किंवा काळ्या क्रीचरने युद्धात केलेले डॅमेज एम्राकूलला पुरेपूर लागते, कारण बॅटलफील्डवरचे क्रीचर स्पेल नसते. ‘लाइटनिंग बोल्ट’सारखा डॅमेज देणारा रंगीत स्पेल मात्र त्याच्यावर टाकताच येत नाही, आणि रंगीत स्पेलने सगळ्यांना सरसकट दिलेले डॅमेजही त्याच्यापुरते रद्द होते. ‘रॅथ ऑफ गॉड’ने मात्र एम्राकूल मरते. तो स्पेल टार्गेटही करत नाही आणि डॅमेजही देत नाही, सगळी क्रीचर सरळ नष्ट करतो, आणि प्रोटेक्शनमध्ये नष्ट होण्यापासून बचाव नाही. ‘डायबॉलिक एडिक्ट’ खेळाडूला टार्गेट करून त्याला एका क्रीचरचा बळी द्यायला लावते, त्यामुळे समोर एकटे एम्राकूलच उभे असेल, तर खेळाडूला त्याचाच बळी द्यावा लागतो.

पुण्याच्या वाचकांनाही येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘शो अँड टेल’मध्ये कार्ड ठेवण्याचा हक्क आपल्यालाही असतो. समोरच्याने एम्राकूल ठेवले आणि आपण त्याच वेळी ‘ऑब्लिव्हियन रिंग’ ठेवली, तर दोन्ही एकदम उतरतात, आणि रिंगचा ट्रिगर एम्राकूलला टार्गेट करून एक्झाइल करतो. पुढे कोणी रिंग फोडली तर एम्राकूल परत येते, पण कास्ट न होता, म्हणजे जादा टर्नशिवाय.

*प्रश्न : ॲनाइहिलेटर ६ मध्ये कोणती सहा कार्डे जायची हे कोण ठरवतो? ती गेल्यावर ब्लॉक करता येते का? (एक वाचक, नाशिक)*

या प्रश्नावर थोडे रेंगाळतो, कारण एम्राकूलसमोर डाव वाचतो तो येथेच. अटॅक जाहीर झाला की ॲनाइहिलेटरचा ट्रिगर लागतो, आणि बचाव करणारा खेळाडू आपल्या सहा पर्मनंटचा बळी देतो. कोणती सहा, हे तोच ठरवतो. लँड आणि टोकनही (कार्डाऐवजी खूण म्हणून ठेवलेली पर्मनंट) त्यात मोजली जातात. सहापेक्षा कमी असतील तर सगळी जातात. ‘इन्डिस्ट्रक्टिबल’ (नष्ट न होणारे) असून उपयोग नाही, कारण बळी देणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. हे सगळे ब्लॉकर (अटॅक अडवणारी क्रीचर) जाहीर होण्याआधी घडते, आणि जे उरते त्याने ब्लॉक करता येते.

माझ्या समोर घडलेला एक डाव सांगतो. बचाव करणाऱ्याकडे सात पर्मनंट होती : पाच लँड, एक आर्टिफॅक्ट आणि एक उडते १/१ (पॉवर १, टफनेस १) स्पिरिट टोकन. आयुष्य पूर्ण २०. एम्राकूलने अटॅक केला. बचाव करणाऱ्याने आधी पाचही लँड टॅप करून (आडवी वळवून) मॅना काढला, त्या मॅनातून हातातला एक इन्स्टंट (अशा मधल्या क्षणीही खेळता येणारा स्पेल) खेळला, आणि मग पाच लँड आणि आर्टिफॅक्ट यांचा बळी देऊन टोकन तेवढे मागे ठेवले. त्या टोकनने एम्राकूलला ब्लॉक केले. एम्राकूलकडे ट्रॅम्पल (ब्लॉकरला पुरून उरलेले डॅमेज खेळाडूला देणारी क्षमता) नाही, त्यामुळे पंधराही डॅमेज त्या एका टोकनवर संपले आणि आयुष्य २० च राहिले. लँड गेल्यामुळे त्याचे हाल झाले हे खरे, पण एम्राकूल ‘स्नीक अटॅक’ने आलेले होते, आणि टर्नच्या शेवटी त्याचाही बळी गेला. डाव पुढे चालू राहिला.

हिशेब असा आहे, की ब्लॉक झाला नाही तरी पहिल्या अटॅकने २० तले १५ च जातात. एम्राकूल जिंकून देते ते बहुधा दुसऱ्या अटॅकने, आणि मधल्या काळात समोरच्याला उठता येऊ नये म्हणून ॲनाइहिलेटर. म्हणून बळी कशाचा द्यायचा हे ठरवताना ‘पुढच्या टर्नला मला काय लागेल?’ एवढेच पाहावे.

‘काराकस’ हे लँड ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. ते टॅप करून कोणतेही लेजेंडरी क्रीचर मालकाच्या हातात परत पाठवता येते. पण अटॅक जाहीर होईपर्यंत थांबू नये. एकदा ट्रिगर स्टॅकवर चढला, की एम्राकूल हातात गेले तरी तो सुटतोच आणि सहा पर्मनंट जातातच. समोरचा खेळाडू युद्धाच्या टप्प्यात शिरला, की अटॅक जाहीर होण्याआधीच ‘काराकस’ वापरावे.

*प्रश्न : एम्राकूल ग्रेव्हयार्डमध्ये टिकत नाही, मग ‘गोर्योज व्हेन्जन्स’वाले डेक ते तिथून परत कसे आणतात? (एक वाचक, नागपूर)*

ते टिकत नाही हे खरे, पण क्षणभर तिथे असते. शेवटची ओळ ट्रिगर आहे. एम्राकूल ग्रेव्हयार्डमध्ये पडते, मग ट्रिगर स्टॅकवर चढतो, आणि तो सुटण्याआधी दोन्ही खेळाडूंना काही करण्याची संधी मिळते. ‘गोर्योज व्हेन्जन्स’ हा दोन मॅनाचा इन्स्टंट आहे, आणि तो ग्रेव्हयार्डमधल्या लेजेंडरी क्रीचरला टार्गेट करतो. तो काळा स्पेल असूनही चालतो, कारण प्रोटेक्शन बॅटलफील्डवरच लागू असते. एम्राकूल हेस्टसह (आल्याबरोबर अटॅक करण्याच्या क्षमतेसह) उभे राहते, त्याच टर्नला अटॅक करते आणि टर्नच्या शेवटी एक्झाइल होते. मागे राहिलेला ट्रिगर सुटतो तेव्हा उरलेले ग्रेव्हयार्ड लायब्ररीत जाते, आणि त्यात नुकताच वापरलेला ‘गोर्योज व्हेन्जन्स’ही असतो.

‘रीॲनिमेट’ही ग्रेव्हयार्डमधले क्रीचर परत आणतो, पण त्याने हे साधत नाही. तो सॉर्सरी आहे, आणि स्टॅक रिकामा झाल्याशिवाय तो खेळता येत नाही. ‘ब्लाइटस्टील कोलॉसस’ या दुसऱ्या क्रीचरशीही एम्राकूलची गल्लत करू नये. कोलॉससच्या मजकुरात ‘ग्रेव्हयार्डऐवजी लायब्ररीत’ असे आहे, म्हणजे ते ग्रेव्हयार्डला शिवतच नाही, आणि संधीचा तो क्षणही मिळत नाही.

*प्रश्न : कमांडर या खेळप्रकारात एम्राकूल खेळता येईल का? (एक वाचक, पणजी)*

नाही. डिसेंबर २०१० मध्येच ते त्या प्रकाराच्या बंदी यादीत गेले. लेगसी या दुसऱ्या प्रकारात मात्र ते खेळता येते.

*प्रश्न : पूर्वी आम्ही समोरच्या एम्राकूलवर ‘क्लोन’ (दुसऱ्या क्रीचरची नक्कल होणारे क्रीचर) टाकून दोन्ही मारत असू. आता ते चालत नाही असे सांगतात. (एक वाचक, कोल्हापूर)*

चालत नाही. त्या काळी एकाच नावाची दोन लेजेंडरी कार्डे बॅटलफील्डवर आली की दोन्ही ग्रेव्हयार्डमध्ये जात, मग ती कोणाचीही असोत. २०१३ मध्ये हा नियम बदलला. आता प्रत्येक खेळाडूच्या बाजूचा हिशेब वेगळा होतो. माझ्याकडे एक आणि समोरच्याकडे एक, तर दोन्ही राहतात. माझ्याच बाजूला दोन झाली तर मी एक ठेवतो आणि दुसरे ग्रेव्हयार्डमध्ये जाते. नाव पूर्ण पाहायचे असते, त्यामुळे २०१६ चे ‘एम्राकूल, द प्रॉमिस्ड एंड’ आणि हे एम्राकूल एकाच बाजूला राहू शकतात.

‘क्लोन’ तरीही वाया जात नाही. त्याने समोरच्याचे एम्राकूल मरत नाही, पण आपल्याला १५/१५ चे उडते क्रीचर मिळते. ते मूळ एम्राकूलला ब्लॉक करू शकते आणि अटॅक केल्यास त्याचा ॲनाइहिलेटरही लागतो. जादा टर्न मिळत नाही, कारण कास्ट झाला तो ‘क्लोन’. आणि हा क्लोन मेला, तर तुमचे ग्रेव्हयार्ड लायब्ररीत जात नाही. ‘कुठूनही ग्रेव्हयार्डमध्ये गेले तर’ ही ओळ कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये पोहोचल्यावर पाहिली जाते, बॅटलफील्डवर शेवटी काय होते ते पाहून नाही. तिथे पोहोचलेले कार्ड पुन्हा साधा ‘क्लोन’ असते, आणि त्याच्यावर ती ओळ छापलेली नाही.