सामायिक सर्व्हर सेवांची आकारणी शासकीय विभागांना कशी करावी?

आपली शासकीय कंपनी सहा-सात विभागांना सर्व्हर, स्टोरेज आणि एसएमएस सेवा एकत्रितपणे पुरवते, तरीही दर तिमाहीला आकारणीवरून वाद होतो आणि देयके थकतात, असे आपण लिहिले आहे. अशाच एका यंत्रणेच्या लेखाशाखेत मी बारा वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे, की ज्या खर्चाचा अंदाज विभागाला अंदाजपत्रक पाठवतानाच बांधता येत नाही, त्याचे देयक कितीही अचूक असले तरी वेळेवर पारित होत नाही.

तिमाही संपल्यावर झालेला खर्च वापराच्या प्रमाणात वाटणे न्याय्य वाटते. परंतु एखादा विभाग बाहेर पडला, की उरलेल्यांचा वापर तेवढाच असूनही त्यांचे देयक वाढते आणि त्या वाढीसाठी तरतूद कोणाकडेच नसते. त्यापेक्षा अपेक्षित खर्चाला अपेक्षित वापराने भागून वर्षभराचा दर ठरवावा, अंदाजपत्रके तयार होण्याआधी तो सर्वांना लेखी कळवावा आणि वर्षअखेरीस राहिलेली तूट किंवा शिल्लक पुढील वर्षाच्या दरात धरावी. भविष्यासाठी घेतलेल्या रिकाम्या क्षमतेचा खर्च मात्र आजच्या ग्राहक विभागांवर लादू नये, त्यासाठी शासनाकडे स्वतंत्र निधी मागावा.

देयकातील एकक विभागाला स्वतः मोजता आले पाहिजे. आमचे ‘४२ व्हीएम, तिमाही शुल्क’ (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एका यंत्रावर चालणारा आभासी सर्व्हर) असे देयक एका संचालनालयाने ‘सेवा मिळाल्याची खातरजमा कशी करावी?’ असा शेरा मारून परत केले होते आणि तो शेरा रास्तच होता. आम्ही प्रत्येक सर्व्हरसमोर त्यावरील प्रणालीचे नाव, मागणीपत्राचा क्रमांक व दिनांक लिहून यादी जोडली. ती वाचताना बंद पडलेल्या एका योजनेचे ९ सर्व्हर अजून चालू असल्याचे तेथील लेखाधिकाऱ्यांच्याच लक्षात आले. ते बंद झाल्याने आमची पुढील आकारणी घटली, पण उरलेली रक्कम त्याच महिन्यात मिळाली.

जीएसटीकडे आधीच लक्ष द्यावे. या सेवांवर साधारणतः १८ टक्के कर लागतो आणि विभागाला त्याचे क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेता येत नसल्याने तो त्यांच्यासाठी निव्वळ खर्चच असतो, म्हणून दर करासहित कळवावा. विभागाने देयकातून टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) कापला असेल, तर ती कपात थकबाकीत मोजू नये. सेवा अखंड पुरवली जात असेल आणि करारात देय दिनांक असेल, तर त्या दिनांकापर्यंत कर बीजक काढावेच लागते आणि पैसे आले नसले तरी कर भरावा लागतो, त्यामुळे देयकाची छाननी व निधीचे वितरण यांना लागणारा वेळ धरूनच तो दिनांक ठरवावा.

देयकावर केवळ मंत्रालयीन विभागाचे नाव घालून भागत नाही. बीम्सवर (महाराष्ट्र शासनाच्या निधीवाटपाच्या संगणकप्रणालीवर) ज्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे कोषागारातून पैसे काढून देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, निधी वितरित होतो त्याच्या नावे देयक पाठवावे आणि खर्च ‘१७ संगणक खर्च’ या उद्दिष्टाखाली (अंदाजपत्रकातील खर्चाच्या प्रकाराखाली) टाकायचा की ‘२८ व्यावसायिक सेवा’ याखाली, हे करारापूर्वीच विचारून घ्यावे.

जुनी थकबाकी चालू देयकात कधीही मिसळू नका. तिचा स्वतंत्र ताळमेळ करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या आणि पुरवणी मागणीसाठी (वर्षाच्या मध्येच जादा तरतूद मागण्यासाठी) तो वेळेत विभागाकडे द्या. मार्चमध्ये नेलेला ताळमेळ निधीअभावी पुढच्या वर्षावर जातो.