वाचकांचे प्रश्न : मोबाइलमधला मानसिक आधार किती पुरतो?

प्रश्न : मी २६ वर्षांची असून भांडुपला राहते आणि अंधेरीला नोकरी करते. एका खोलीत आम्ही पाच जण राहतो. दोन-तीन महिन्यांपासून मला रात्री झोप लागत नाही आणि सकाळी घाटकोपरच्या गर्दीत मेट्रोसाठी रांगेत उभी असताना छातीत धडधडते. मैत्रिणीने सुचवल्यामुळे मानसिक आरोग्याचे एक ॲप घेतले. सगळे झोपल्यावर पांघरुणात स्क्रीनचा उजेड कमी करून मी त्याला सगळे लिहिते आणि मग हलके वाटते. त्यातल्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत मला १४ गुण मिळाले. आता ते वर्षाची वर्गणी मागत आहे. हे ॲप पुरेसे आहे का? आणि मी लिहिलेले कोणी वाचत असेल का?

उत्तर : पांघरुणात उजेड कमी करून लिहावे लागते, या तुमच्या एका वाक्यातच ही ॲप मुंबईत इतकी का वापरली जातात याचे उत्तर आहे. जिथे रडायलाही आडोसा नाही आणि समुपदेशकाशी फोनवर बोलायचे तर गच्ची गाठावी लागते, तिथे आवाज न करता मन मोकळे करण्याची सोय कोणालाही जवळची वाटणारच. शिवाय खासगी समुपदेशकाच्या एका बैठकीला हजार-दीड हजार रुपये सहज लागतात. तेव्हा ॲप घेतलेत यात तुमचे काहीही चुकलेले नाही.

यांतील बरीच ॲप कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीतले, म्हणजे विचार आणि वागणूक तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतले सराव करून घेतात. ‘साहेब आज माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे माझी नोकरी जाणार’ असा विचार आला, की तो लिहायचा, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा आहे तेही लिहायचे आणि मग तो विचार पुन्हा वाचून पाहायचा. हा सराव चांगला आहे आणि तो तुम्ही साध्या वहीतही करू शकता. एवढ्यासाठी वर्षाची वर्गणी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला अधिक काळजी वाटते ती त्या १४ गुणांची. नऊ प्रश्नांची ही चाचणी सहसा पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे पडताळणारी प्रश्नावली असते. ती मागील दोन आठवड्यांविषयी विचारते, तिचे एकूण गुण २७ असतात आणि १० ते १४ गुण मध्यम नैराश्याची शक्यता दाखवतात. हे निदान नव्हे. परंतु निदान करू शकणाऱ्या माणसाकडे जाण्याची ही वेळ नक्कीच आहे. झोप उडणे आणि धडधड यामागे थायरॉइड किंवा रक्ताची कमतरताही असू शकते, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कोणत्याही ॲपला कळणार नाही. केईएम, नायर आणि शीव या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केसपेपर काढायला अगदी थोडे पैसे लागतात. रांग असते, अर्धा दिवस मोडतो हे खरे. तरीही एक रजा टाकून जाच. तोवर बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेली-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. मराठीत बोलता येणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ‘जीव कासावीस होतो’ किंवा ‘कशातच मन लागत नाही’ हे इंग्रजीत सांगताना त्यातले अर्धे दुःख निसटून जाते.

लिहिलेले कोणी वाचते का, ही तुमची शंका रास्त आहे. उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचे बंधन घातले आहे. ॲपच्या कंपनीने तुमच्या मजकुराचे काय करायचे, हे मात्र बहुतांशी आपण न वाचता मान्य केलेल्या अटींत लिहिलेले असते. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन पुरवणाऱ्या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. म्हणून ॲपमध्ये खरे नाव, कार्यालयाचे नाव, घरातल्या माणसांची नावे लिहू नका, आणि संपर्कयादी व मायक्रोफोनची परवानगी आजच काढून घ्या. पलीकडे समुपदेशक आहे असे ॲप म्हणत असेल, तर त्याचे नाव आणि शिक्षण विचारा. सरळ उत्तर मिळाले नाही, तर तिथे लिहिणे थांबवा.

प्रश्न : माझा १७ वर्षांचा मुलगा बारावीत आहे. तो असेच ॲप वापरतो, हे मला अचानक कळले. मी त्याचा फोन तपासावा का? (एक आई, गिरगाव)

उत्तर : तपासू नका. त्याला कळले, तर तो सांगणेच बंद करेल. ‘तू हे वापरतोस ते मला कळले, मी रागावलेली नाही’ एवढेच सांगा आणि संध्याकाळी चौपाटीवर त्याच्यासोबत चालायला जा. समोरासमोर बसून विचारल्यावर गप्प होणारी मुले शेजारी चालताना पुष्कळदा बोलू लागतात. मात्र ‘जगावेसे वाटत नाही’ अशा अर्थाचे काहीही त्याच्या तोंडून आले, तर परीक्षा, क्लास, पाहुणे असे कशाचेही निमित्त न करता त्याच दिवशी त्याला रुग्णालयात घेऊन जा, आणि रात्रीची वेळ असेल तर त्याला एकटे न सोडता १४४१६ वर फोन लावा.