टेलच्या शेतातून पाण्याच्या अर्थशास्त्राकडे

नमस्कार,

तुम्ही मोहोळ तालुक्यातून लिहिलंय. मुलगी सोलापुरात बी.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, बारावीला गणित होतं. तिला जुन्या कालव्यांचं नूतनीकरण आणि पाणीधोरण यांच्या आर्थिक मॉडेलिंगमध्ये काम करायचंय. भावकी म्हणते, त्यापेक्षा तलाठ्याची परीक्षा दे. ‘यात पोट भरेल का?’ असं तुम्ही विचारता.

भरेल. पण पदव्युत्तर शिक्षणाशिवाय नाही, आणि जागा मोजक्या असतात.

काम काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. उजनीच्या एखाद्या वितरिकेचं, म्हणजे उपकालव्याचं, अस्तरीकरण झालं, आतून काँक्रीट बसलं, गळती थांबली. पण तीच गळती शेजारच्या विहिरींत पाझरत होती. विहिरी आटल्या, तर खरं पाणी वाचलं किती? वाचलेलं हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, उसानंच प्यायलं, तर टेलला, म्हणजे शेवटच्या शेतांना, काय आलं? पाणीपट्टी एकरावर न लावता मोजून लावली, तर पीक बदलेल का? पैसा ओतण्याआधी हा हिशेब मांडायचा, हेच ते काम.

ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात नदीसाठी पाणी सोडवायला सरकारनं दोन वाटा धरल्या. राजी शेतकऱ्यांचे पाणीहक्क विकत घेतले, आणि सिंचनव्यवस्था सुधारायला अनुदानही दिलं. हिशेब मांडल्यावर तेवढ्याच पाण्याला दुसरी वाट बरीच महाग पडली. तसा पाण्याचा बाजार आपल्याकडे नाही, म्हणून तिथलं उत्तर इथं चालणार नाही. हिशेबाची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. सोबत तिनं आपले २००५चे दोन कायदे वाचावेत: जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि पाणी वापर संस्थांचा.

पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था किंवा मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, इथं प्रयत्न करावा. प्रवेशाचे नियम त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. कलन (कॅल्क्युलस), संख्याशास्त्र आणि संगणकावर आकडेमोड आतापासूनच पक्की हवी, बी.ए.ची मुलं इथंच अडतात. पुढे संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या, जागतिक बँकेचे प्रकल्प अशा वाटा आहेत. सरकारी नोकरीच हवी असेल, तर अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीवर केंद्राची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा देता येते. भावकीला हे जरूर सांगा.

येत्या आवर्तनात तिला तुमच्या चारीवर बसवा. पाणी कधी सुटलं, किती तास चाललं, कुणापर्यंत पोचलं, विहिरींची पातळी किती हलली, सगळं वहीत उतरवू दे. पुढे कुठे मुलाखत असेल, तर ती वही सोबत न्यायला सांगा.