पदवी घ्यायची की थेट कामाला लागायचं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. प्रश्न एकच लिहिलायस, पण वाचताना मला दोन दिसले. पदवी नसली तर फोटोग्राफीच्या क्षेत्रात कुणी दारात उभं करेल का, हा पहिला. दुसरा तू स्पष्ट लिहिलेला नाहीस: तीन-चार वर्षं आणि घरच्यांची पुंजी त्यासाठी खर्ची घालावी का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं नाही.

क्लायंट पदवी विचारत नाही. मासिकाचा फोटो एडिटर असो, जाहिरात संस्थेचा आर्ट डायरेक्टर असो किंवा लग्नासाठी फोटोग्राफर शोधणारं जोडपं असो, सगळे आधी काम बघतात. मग ओळखीच्या कुणाला तरी विचारतात, की हा माणूस वेळेवर येतो का, फोटो ठरल्या दिवशी देतो का. इतकी वर्षं या धंद्यात आहे, माझं प्रमाणपत्र कुणी बघायला मागितलेलं नाही. डॉक्टरला किंवा वकिलाला लागतो तसा परवाना बहुतेक देशांत फोटोग्राफरला लागत नाही. जर्मनीत मात्र बराच काळ नियम कडक होता. तिथे फोटोग्राफी कारागिरीच्या कायद्याखाली येते आणि स्वतःचा व्यवसाय थाटायचा तर 'मायस्टर' ही परीक्षा पास होणं सक्तीचं असे. २००४ साली ती सक्ती उठली. परीक्षा अजून आहे, पण ज्याला द्यायची त्यानं द्यावी. त्या सक्तीमागची अपेक्षा मला आजही रास्त वाटते: लोकांचे पैसे घेणाऱ्याला काम आलं पाहिजे. कायदा बदलला म्हणून ही अपेक्षा संपली नाही. ती तपासायचं काम आता क्लायंटकडे आलंय, आणि तो परीक्षकापेक्षा कठोर असतो, कारण तो नापास करताना कारण सांगत नाही. पुन्हा फोन करत नाही, इतकंच.

कागद जिथे खरोखर लागतो त्या जागा थोड्या आहेत, पण त्या तुला माहीत असाव्यात. विद्यापीठात शिकवायचं असेल तर बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी लागते. रुग्णालयातली वैद्यकीय फोटोग्राफी, पोलिसांसाठी गुन्ह्याच्या जागेचं चित्रण, संग्रहालयातली कायम नोकरी, अशा ठिकाणी रीतसर प्रशिक्षण मागतात आणि ते योग्यच आहे, कारण तिथला फोटो पुरावा म्हणून किंवा उपचारांसाठी वापरला जातो. परदेशी नोकरीच्या व्हिसासाठी काही देश पदवी मोजतात. ड्रोन उडवून पैसे कमवायचे तर अनेक देशांत वेगळा परवाना काढावा लागतो. यातलं काही तुझ्या मनात असेल तर या पत्राचा पुढचा भाग वाचायचीही गरज नाही, शिकायला जा.

नसेल, तर आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

पदवीशिवाय मोठे झालेल्या फोटोग्राफरांची यादी तुला कुणीतरी ऐकवली असेलच. यादी खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. सेबास्तियाव साल्गादो फोटोग्राफी शिकायला कुठल्या कॉलेजात गेला नाही, हे बरोबर. पण तो अर्थशास्त्रज्ञ होता, आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरीला होता, आणि त्या कामानिमित्त आफ्रिकेत फिरत असताना कॅमेऱ्याकडे वळला. १९७३ साली नोकरी सोडून तो पूर्णवेळ फोटोग्राफर झाला. पुढे कामगारांवर आणि स्थलांतरितांवर त्यानं जे प्रचंड काम केलं, त्यात कुठे जायचं आणि काय बघायचं हे ठरवणारी नजर अर्थशास्त्रानं घडवलेली होती. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकला शिकला होता. त्याच्या फ्रेममधली भूमिती आभाळातून पडलेली नाही. ॲन्सेल ॲडम्सनं तर पियानोवादक व्हायचं म्हणून वर्षानुवर्षं रियाज केला होता. या लोकांकडे फोटोग्राफीची पदवी नव्हती, एवढंच म्हणता येतं. शिक्षण नव्हतं असं म्हणणं चूक आहे.

माझ्या मते या सगळ्यांत तुझ्या सर्वांत उपयोगाची गोष्ट गॉर्डन पार्क्सची आहे. शाळाही पुरी न झालेला, रेल्वेच्या डब्यात वेटरचं काम करणारा हा तरुण. गहाणवटीच्या दुकानातून त्यानं कॅमेरा विकत घेतला आणि स्वतःच शिकला. १९४२ साली शिष्यवृत्ती मिळवून तो वॉशिंग्टनला फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकी सरकारच्या शेतीविषयक खात्याच्या फोटो विभागात गेला. तिथला प्रमुख रॉय स्ट्रायकर. त्यानं पार्क्सचे कॅमेरे आधी काढून ठेवायला लावले आणि सांगितलं, शहरात जा, दुकानात काहीतरी विकत घे, कुठेतरी जेव, सिनेमा बघ, मग ये. पार्क्स कृष्णवर्णीय होता. जिथे गेला तिथे त्याला अपमान सोसावा लागला. परत आला तो संतापूनच. स्ट्रायकरनं त्याला आधी विभागातल्या इतरांच्या फोटोंच्या फायली बघायला बसवलं. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स यांची कामं त्यात होती. मग त्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या एला वॉटसनशी बोलायला सांगितलं. झेंड्यासमोर झाडू आणि मॉप घेऊन उभ्या असलेल्या तिचा जो फोटो पार्क्सनं काढला तो आज जगभर ओळखला जातो. पण तेवढ्यावर काम थांबलं नाही. तो तिच्या घरी गेला, तिच्या चर्चमध्ये गेला, तिच्या कुटुंबाचे फोटो काढत राहिला.

यात कुठेही वर्ग नाही, परीक्षा नाही. तरी ही शाळा नाही असं कोण म्हणेल? कॅमेरा बाजूला ठेवून बघायला लावणारा कुणीतरी, आधी होऊन गेलेलं काम डोळ्यांखालून घालणं, आणि एक चांगला फोटो मिळाल्यावरही त्याच विषयापाशी टिकून राहण्याचा आग्रह. या तीन गोष्टी ज्याला कॉलेजात मिळतात त्यानं कॉलेजात घ्याव्यात. ज्याला बाहेर मिळतात त्यानं बाहेर. मात्र त्या मिळाल्याशिवाय कुणी तयार झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

चांगलं कॉलेज ही सोय करून देऊ शकतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत बर्न्ड बेखर हा फोटोग्राफर १९७६ पासून शिकवू लागला. त्याची पत्नी हिला ही त्याच्याइतकीच त्या शिकवणीत होती. आंद्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रूट, कांडिडा ह्योफर, थॉमस रुफ हे पुढे नावाजलेले फोटोग्राफर सगळे त्या वर्गातले. त्यांना जे मिळालं ते वर्षानुवर्षं एकच गोष्ट चिकाटीनं बघणाऱ्या शिक्षकांचा सहवास आणि एकमेकांची सोबत. दुसरीकडे डायेन आर्बस ही अमेरिकी फोटोग्राफर बघ. नवऱ्याबरोबर फॅशन फोटोग्राफीचा व्यवसाय केल्यानंतर ती लिझेट मॉडेलच्या वर्गाला जाऊन बसली. ती पदवी नव्हती, साधा वर्ग होता, पण योग्य वेळी योग्य शिक्षिका भेटली. म्हणून मी सांगते, अभ्यासक्रमाचं नाव आणि कालावधी बघण्याआधी शिकवणार कोण ते बघ.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेव आणि मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांची कामं मागून घे. सगळ्यांचे फोटो एकसारखे दिसत असतील तर परत फिर. शिकवणारे स्वतः आजही काम करतात का ते विचार. मुलांच्या कामावर सगळ्यांसमोर चर्चा किती वेळा होते, आणि स्टुडिओ रात्री वापरता येतो की चार वाजता कुलूप लागतं, हेही विचार. करार, कॉपीराइट, कोटेशन यांवर एक तास तरी आहे का? बहुतेक ठिकाणी नसतो, आणि पुढे मुलं बुडतात ती इथेच. नोकरीत असताना काढलेल्या फोटोंचा हक्क अनेक देशांत मालकाकडे जातो, स्वतंत्रपणे काम करताना तो करारात काय लिहिलंय त्यावर ठरतो. हे काही जणांना पहिला मोठा क्लायंट त्यांचा फोटो भलत्याच जाहिरातीत वापरतो तेव्हा कळतं.

कर्जाबद्दल माझं मत ठाम आहे. या पदवीसाठी मोठं कर्ज काढू नकोस. सुरुवातीची वर्षं या धंद्यात पैसा अनियमित येतो. त्यात दरमहा हप्ता असला की येईल ते काम घ्यावं लागतं, आणि स्वतःचं काम घडवायला जो मोकळा वेळ लागतो तोच हातातून जातो. शिष्यवृत्ती मिळाली, किंवा घरच्यांना सहज परवडत असेल, तर गोष्ट वेगळी.

कॉलेजला गेला नाहीस तर कुणाकडे तरी उमेदवारी कर. असिस्टंट म्हणजे स्टँड उचलणारा, असा समज आहे. उचलायचे असतातच. पण स्टँड उचलता उचलता प्रकाश शिकता येतो. एक उदाहरण देते. समज, तुला दोन रांगांत उभ्या असलेल्या लोकांचा फोटो काढायचाय आणि एकच लाइट आहे. लाइट पुढच्या रांगेपासून एक मीटरवर ठेवलास आणि मागची रांग दोन मीटरवर पडली. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी होतो, म्हणजे मागच्यांवर पूर्ण दोन स्टॉप कमी (प्रकाश एकदा निम्मा झाला की एक स्टॉप उतरला म्हणायचं). पुढचे जळतात, मागचे अंधारात जातात. नवखा माणूस इथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते, बदलत बसतो आणि काहीच सुधारत नाही. लाइट मागे ने. पुढची रांग चार मीटरवर आणि मागची पाचवर आली की फरक उरतो जेमतेम दोन तृतीयांश स्टॉपचा. मात्र पुढच्या रांगेवरचाही प्रकाश आता चार स्टॉपनी उतरलाय, तेव्हा लाइटची पॉवर वाढव नाहीतर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता. शिवाय लांब गेलेला लाइट त्यांच्या दृष्टीनं लहान झाला, सावल्या कडक पडल्या, म्हणून लाइटवर मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश पसरवून मऊ करणारी कापडी पेटी, लाव. हे पुस्तकात दोन ओळींत असतं. लोक ताटकळत उभे असताना, कुणाचंही लक्ष न जाता, हे मिनिटभरात करणं हा हाताचा गुण आहे, आणि तो दुसऱ्याच्या शूटवर उभं राहूनच येतो.

मी स्वतः असिस्टंट निवडते तेव्हा काय बघते तेही लिहिते, कारण बहुतेक लोक असंच बघतात. निवडक दहा फोटोंचा पोर्टफोलिओ मी चाळते आणि बाजूला ठेवते. दहा चांगले फोटो नशिबानंही जमतात. मग मी एका कामाचं पूर्ण फोल्डर मागते, एडिट न केलेलं, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत. त्यात माणूस कळतो. पहिल्या वीस फ्रेममध्ये एक्स्पोजर वर-खाली होत असेल आणि नंतर स्थिरावत असेल, तर हा जागेवर चुका ओळखून सुधारतो. एकाच जागी उभं राहून साठ वेळा शटर दाबलेलं असेल तर हा वाट बघतोय, शोधत नाही. प्रकाश बदलला तिथे व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली मांडणी, बदललाय का? मुख्य क्षण निघून गेल्यावर हा थांबला, की वळून बाजूच्या माणसांचे चेहरे पाहिले? फायलींना नावं दिलीत का, आणि दुसरीकडे प्रत ठेवलीय का? या शेवटच्या प्रश्नावर मी खूप अडून बसते. मेमरी कार्ड बिघडतं, हार्ड डिस्क पडते, आणि कुणाच्या आयुष्यातला दिवस पुन्हा काढता येत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हा नियम पाळणारा मुलगा पदवीवाला आहे की नाही याची मला फिकीर नसते.

कॉलेजातलं आणखी एक बाहेर सहज मिळत नाही, ते म्हणजे न आवडणारा अभ्यास. तुला चेहरे आवडतात हे मला माहीत आहे. एकटा शिकशील तर चेहरेच काढत राहशील. कॉलेजात कुणीतरी काचेची बाटली काढायला लावतो, रिकामी इमारत काढायला लावतो, आणि काचेवर पडणारी प्रतिबिंबं आवरता आवरता जे शिकतोस ते पुढे चष्मा घातलेल्या माणसाच्या चेहऱ्याला उपयोगी पडतं. बाहेर राहिलास तर न आवडणाऱ्या अभ्यासाची ही शिस्त तुला स्वतःला स्वतःच लावून घ्यावी लागेल. त्यासाठी दोन-तीन समवयस्क जमव. दर आठवड्याला एकमेकांना विषय द्या, ठरल्या दिवशी फोटो समोर ठेवा आणि स्पष्ट बोला. 'मस्त आलाय' म्हणणाऱ्याला त्या गटात घेऊ नकोस.

माझा कल आता तुझ्या लक्षात आला असेल. तुझ्याकडे जे काम मी पाहिलंय त्यावरून मला वाटतं, पदवीच्या अर्जाची घाई नको. वर्षभर उमेदवारी कर, सोबत एखादा छोटा वर्ग लाव, शक्यतो अशा माणसाचा ज्याचं काम तुला अस्वस्थ करतं. वर्षानंतर आपल्याला नक्की काय येत नाही हे तुला नेमकं सांगता येईल. ते जर कॉलेजच शिकवू शकणार असेल, तर जा. तेव्हा तू वर्गातला सर्वांत जास्त प्रश्न विचारणारा मुलगा असशील, आणि फीचा पैसा वसूल होईल. घरच्यांना हे पटत नसेल तर मी बोलेन त्यांच्याशी. त्यांची काळजी खोटी नाही, आणि 'मला डिग्री नको' एवढंच ऐकवून ती दूर होणार नाही. वर्षात काय करणार, कुणाकडे करणार, खर्च कसा भागवणार, हे एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव.

आणि गेल्या महिन्यात तू त्या नाटकाच्या तालमीचे फोटो काढलेस ना, ते पूर्ण फोल्डर मला पाठव. काहीही गाळू नकोस, चुकलेल्या फ्रेमही राहू देत. रविवारी सकाळी फोन कर, दोघं मिळून बघू.

तुझी,
मावशी