ज्या जोडाचा एक्स-रे निघत नाही

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ख्रिस्ती आहात, इथेच बडोद्यात एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करता. पाळकसाहेब म्हणतात, काम उत्तम करणं हीसुद्धा प्रभूची सेवा. पण व्हाउचरं भरण्यात कसली आलीय सेवा, रविवार देवाचा आणि बाकीचे सहा दिवस मालकाचे, असं तुम्हाला वाटतं.

मी वेल्डर आहे. मकरपुरा जीआयडीसीत बावीस वर्षं प्रेशर व्हेसलवर, म्हणजे आत दाब सोसणाऱ्या टाक्यांवर, काम करतोय, तेव्हा तिथलंच सांगतो.

टाकी जोडून झाली की जोडांचा एक्स-रे काढतात. काही टाक्यांचा पूर्ण काढतात, पण पुष्कळदा नुसता ‘स्पॉट’ असतो. कोडप्रमाणे, म्हणजे या टाक्या बांधायच्या नियमावलीप्रमाणे, दर १५ मीटर वेल्डिंगमागे एक जागा, किमान १५० मिलिमीटर लांबीची. म्हणजे शंभरातला एक भाग फिल्मवर येतो. बाकीचे नव्व्याण्णव रंगाखाली जातात, आणि ते आतून कसे आहेत हे मारणाऱ्यालाच ठाऊक. कोड लिहिणाऱ्यांनी हे धरूनच ठेवलंय. दोन्ही बाजूंनी मारलेल्या बट जोडाचा, म्हणजे पत्र्याच्या कडेला कड भिडवून केलेल्या जोडाचा, पूर्ण एक्स-रे असेल तर त्याची ताकद १, म्हणजे पूर्ण, मानतात, स्पॉट असेल तर ०.८५, आणि काहीच नसेल तर ०.७०. आकडा उतरला की पत्रा जाड घ्यावा लागतो. माझ्या मते तो जास्तीचा पत्रा म्हणजे न बघितलेल्या कामावर कुणी पूर्ण भरवसा टाकत नाही याची किंमत आहे.

आता कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय काढा. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे पौल कुणाला लिहितोय? दासांना. ज्यांना पगार नाही, बढती नाही, शाबासकी नाही, त्यांना. त्यांनाच तो तोंडदेखली चाकरी करू नका म्हणतो. मला हा शब्द फार लागतो. धनी समोर असताना एक हात आणि पाठ फिरल्यावर दुसरा. स्पॉटच्या जागी एक वेल्डिंग आणि बाकी जोडावर दुसरं.

हे मी स्वतः केलंय. सत्तर-अठरा (७०१८) नंबरचा वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये तापवूनच वापरायचा असतो. त्याच्या लेपाला ओल लागली की हायड्रोजन जोडात उतरतो आणि तडा कधी कधी एक-दोन दिवसांनी जातो. वरून वेल्डिंग अगदी सुरेख दिसतं. एका पावसाळ्यात, शनिवारी, शेवटचा नॉझल, म्हणजे टाकीला पाइप जोडायचं तोंड, राहिला होता. पाकीट सकाळपासून उघडं पडलेलं. मला घरी जायचं होतं, तेच रॉड वापरले. दुसऱ्या दिवशी प्रभूभोजन होतं. भाकर घेण्याआधी प्रत्येकाने आपली परीक्षा करावी असं पाळक म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो नॉझल आला. दुसरं काहीच येईना. त्या टाकीशेजारी पुढे कुणीतरी ऑपरेटर रोज आठ तास उभा राहणार होता. सोमवारी सुपरवायझरला सांगितलं. गाउजिंग करून, म्हणजे खरवडून, जोड काढला, पुन्हा मारला. अर्धी पाळी गेली, बोलणीही खाल्ली. त्या दिवसापासून रविवार आणि सोमवार मला वेगळे काढता आले नाहीत.

शास्त्रात शोधाल तर हे पहिल्यापासून आहे. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात परमेश्वर बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, तो कशासाठी? सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नांना पैलू पाडायला, लाकूड कोरायला. पौल स्वतः करिंथात तंबू शिवत होता. आणि आपल्या मराठी मंडळीला तर पंडिता रमाबाईच पुरेशा आहेत. साध्या बायाबापड्यांना कळेल असं पवित्र शास्त्र मराठीत हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांवरून भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या तोवर ते काम पुरं झालं होतं. शब्द चुकला तर कोण विचारणार होतं त्यांना?

दोन गोष्टींत मात्र गल्लत करू नका. चांगल्या कामाने तारण मिळत नाही, ते कृपेने मिळतं. त्या नॉझलची क्षमा मला जोड पुन्हा मारायच्या आधीच होती, म्हणून तर सांगायचं धाडस झालं. दुसरं, ‘प्रभूसाठी काम’ म्हणत कुणी तुम्हाला फुकट ओव्हरटाइमला बसवत असेल तर त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन दाखवा. धन्यांनी न्यायाने वागावं, त्यांचाही धनी स्वर्गात आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

आणि हो, उत्तम काम ही काही आपली ख्रिस्ती लोकांचीच मिरास नाही. मला हात धरून रूट रन, म्हणजे जोडाचा तळाचा पहिला थर, शिकवणारे गुजराती काका रोज सकाळी मशीनला अगरबत्ती लावून मगच होल्डर हातात घ्यायचे. त्यांच्याइतका स्वच्छ जोड माझा अजून येत नाही. त्यांच्याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

तुमच्या ऑफिसात ऑडिटर सगळी व्हाउचरं बघत नसेल, काही काढून तपासत असेल. तो ज्या फायलीला हात लावत नाही, त्यातली एक या सोमवारी उघडा आणि पहिल्या पानापासून नीट लावायला घ्या.