सचिवपदाची उमेदवारी

प्रश्न : एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यार्थी मंडळात बालरोग परिषदेच्या संयोजन सचिवपदासाठी उभी राहतेय. बोलायला तीनच मिनिटं मिळतात. काय सांगू? – एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ‘मला लहान मुलं आवडतात’ हे सगळेच उमेदवार म्हणतात. तुम्ही तारीख आणि हिशेब सांगा. डिसेंबर शक्यतो टाळा. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की हॉटेलच्या खोल्या मिळणं मुश्कील, बाहेरून येणाऱ्या वक्त्यांची पंचाईत. पैशाचं म्हणाल तर १५० जण, माणशी ४०० रुपये, म्हणजे ६०,००० जमा. खर्च मात्र १२० जणांच्या पैशातच बसवा. मित्रांचं ‘येतो ना’ म्हणजे नोंदणी नव्हे!

खरी गर्दी खेचते ती नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाची, म्हणजे जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला वाचवण्याची कार्यशाळा. एका मॅनिकिनला (सरावाच्या बाहुलीला) ६ जण, जास्त नकोत. १० झाले की निम्मे नुसते बघत राहतात. छातीवर ३ दाब, मग १ श्वास, ही लय हाताने केल्याशिवाय बसत नाही. म्हणजे ३० जणांना ५ मॅनिकिन आणि ५ प्रशिक्षक. ते विभागप्रमुखांकडे लेखी मागा. तोंडी होकार ऐनवेळी ड्यूटीत विरतो.

पोस्टरवर रुग्णबालकाचा फोटो असेल तर पालकांची लेखी संमती घ्याच.